कॅमेऱ्याचा पाळणा

बँकेतल्या मुलीने स्लिप माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाली, "काका, सही जुळत नाही." मी चष्मा पुसला आणि खाली दुसरी सही केली. तिने ती कार्डाशेजारी धरली. कार्डावरची सही माझीच होती, खातं उघडलं तेव्हाची. ऐसपैस, खुर्चीत मागे रेलून बसलेल्या माणसासारखी. स्लिपवरची सही तिच्या पिल्लासारखी दिसत होती, आणि आडनावाकडे जाताजाता आणखी बारीक होत शेवटी मुंग्यांची रांग झालेली. "आजारी होता का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. "मग असं करा, अंगठा द्या. साक्षीला मी कुणाची तरी सही घेते. पाच मिनिटांत होईल." ती चांगल्या मनानेच बोलत होती. शाईची डबी उघडून तिने माझ्यासमोर ठेवली. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "द्या की बाबा. त्यात काय एवढं?" मी अंगठा दिला.

बाहेर पायरीवर उभा राहून मी अंगठा रुमालाला पुसला. नाशिकरोडच्या उन्हात रिक्षा, हातगाड्या, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. शाई रेषांमध्ये बसली होती. ती कशी जाते हे मला चांगलं ठाऊक होतं, खोबरेल लावायचं आणि मग राखेने घासायचं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी ते दर महिन्याला केलं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा गडी म्हणून लागलो आणि फिटर झालो, तरी मला अक्षर येत नव्हतं. मीटरवरचे आकडे मी वाचायचो नाही, काटा कुठे उभा आहे ते बघायचो. काटा खिडकीकडे असला की ठीक, दाराकडे वळला की पळायचं. मग कॉलनीतल्या विहारात विमलाबाईंनी वर्ग काढला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, आणि त्यांचे यजमान आमच्या बॉयलरवर होते. पाळी सुटली की आम्ही सात-आठ बाप्ये पाय दुमडून बसायचो. हातोडा धरणाऱ्या बोटांत खडू मोडायचा. विमलाबाई म्हणायच्या, "भिमाजी, अहो पाना नाही तो, एवढा आवळू नका." सहा महिन्यांनी मी हजेरीपटावर पहिल्यांदा सही केली तेव्हा टाइमकीपर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चला, कंपनीची शाई वाचली." दुपारच्या जेवणात मी ती सही पाच-सहा जणांना आणून दाखवली होती. आता रुमालाला काळा डाग पडला होता आणि माझा उजवा हात खिशात होता.

हात दिवाळीच्या आधीपासून असा झाला होता. मी काही करत नसलो, नुसता बसलो असलो, की अंगठा पहिल्या बोटावर फिरू लागायचा. आपोआप. बघणाऱ्याला वाटावं की म्हातारा तंबाखू मळतोय. हे वाटणं मला बरं वाटलं, आणि एक दिवस मी खरोखरच चिमूटभर तंबाखू तळहातावर घेऊन बसलो. सोडून बारा वर्षं झाली होती. मालनबाईने, माझ्या बायकोने, शिलाई मशीनवरून मान वर करून विचारलं, "परत सुरू केली का?" मी म्हणालो, "दात दुखतोय." मशीनचं चाक पुन्हा फिरायला लागलं. मी तंबाखू तोंडात टाकत नसे, खिडकीतून खाली सोडून देत असे. दवाखान्यात गेलो असतो तर डॉक्टरने त्याला एक नाव दिलं असतं, आणि नाव पडलं की ती गोष्ट घरात राहायला आली असती. मी तिला दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं.

बँकेत अंगठा दिला त्याच आठवड्यात उपेंद्रसर घरी आले. ते तंत्रनिकेतनात जमीन मोजणी शिकवायचे. दरवर्षी मुलांना घेऊन एकलहऱ्याला यायचे तेव्हापासूनची ओळख. आमचे फोरमन रावजी त्या मुलांपुढे माझा एक खेळ करायचे. टर्बाइन चालू असताना म्हणायचे, "भिमाजी, हात लाव." मी मशीनच्या अंगावर पंजा ठेवायचो, डोळे मिटायचो, आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचो. नंतर उघडलं की तेच निघायचं. मशीनचं थरथरणं तळव्यातून कोपरापर्यंत चढायचं. चांगल्या मशीनची थरथर झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी एकसारखी असते, आजारी मशीनच्या थरथरीत मध्येच एक ठेच लागते. मुलं हसायची, सर मात्र वहीत लिहून घ्यायचे. तर त्या दिवशी सर स्टुलावर बसून म्हणाले, "मिस्त्री, माझं विमान आता बरं उडतंय. त्याला पाळणा करून द्या."

ते विमान मी पाहिलं होतं. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट, हलक्या लाकडाच्या काड्यांवर रेशमी कागद ताणून रंगवलेलं, नाकात कलकत्त्याहून मागवलेलं मुठीएवढं इंजिन. हातातल्या पेटीवर दोन कांड्या होत्या. त्या हलवल्या की विमान बिनतारी ऐकायचं. त्यांच्या मेव्हण्याने कुवेतहून एक छोटा कॅमेरा आणला होता, फिल्म आपली आपण पुढे सरकवणारा. सरांनी तो विमानाच्या पोटाला पट्ट्यांनी घट्ट बांधून बघितला होता. पण असा बांधलेला कॅमेरा फक्त सरळ खाली बघतो. त्यात शेताचे चौकोन येतात, टेकडीचा उतार येत नाही. "चांदवडच्या बाजूच्या टेकड्या घ्यायच्यात मला," सर म्हणाले. "फळ्यावर खडूने उतार काढून मी थकलो. पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कॅमेऱ्याने मान खाली घातली पाहिजे, आणि मी खालून सांगितलं की वर केली पाहिजे. पोलिसांचं परवानगीचं पत्र आलंय, पंधरवड्याची मुदत आहे." मी हात खिशातच ठेवून म्हणालो, "वर्कशॉपात करून घ्या ना." सर म्हणाले, "वर्कशॉपातला माणूस बैलगाडी करून देईल. मला चार तोळ्यांत पाहिजे."

सर गेल्यावर मी पलंगाखालची अवजारांची पेटी ओढली आणि उघडली नाही, नुसता तिच्यासमोर बसलो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं. हा पाळणा नीट झाला तर हात अजून माझा आहे. माझ्या हाताने त्यात खोट आली, तर पेटीला कुलूप. मग बँकेत अंगठा द्यायचा आणि खिडकीत बसून तंबाखू मळायची. हे कुणाला सांगायचं नव्हतं.

काम तसं लहान होतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीची चौकट, तिच्यात कॅमेरा बसणार. चौकटीला दोन बाजूंना दोन भोकं, त्यांत दोन खिळे, त्या खिळ्यांवर चौकट झोपाळ्यासारखी पुढेमागे डुलणार. काडेपेटीएवढी एक मोटर तारेने चौकटीला ओढणार. मी सहा दिवस घेतले. पट्टी कापताना हात शांत असायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं, कामात गुंतला की तो विसरायचा, आणि कानस खाली ठेवली की त्याला आठवायचं. डावीकडचं भोक मी एका दमात पाडलं. उजवीकडच्या भोकाच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या नवसाबाईंनी जिन्यातून मालनबाईला हाक मारली, मी ड्रिल थांबवलं, आणि पुन्हा लावताना एक क्षण हात कुठे आहे ते मला समजलं नाही. भोक पडलं. खिळा बसला. मी डोळ्यांजवळ धरून पाहिलं, मग पुन्हा पाहायला नको म्हणून लगेच चौकट जोडून टाकली.

सरांचं घर इंदिरानगरला, नवीन वसाहतीत. त्यांचे वडील ढुंढिराजभट रोज सकाळी नदीवर यात्रेकरूंचे विधी सांगून स्कूटरच्या मागे बसून घरी यायचे आणि गच्चीत खुर्ची टाकून आमचं काम बघायचे. "मिस्त्री, एवढं सगळं करून वरून दिसणार काय? आमचीच गच्ची ना?" मी म्हणालो, "तुम्ही पण दिसाल भटजी, जरा हसऱ्या तोंडानं बसा." ते म्हणाले, "टक्कल हसत नसतं हो." सरांच्या पत्नी सरोजिनीबाई चहा घेऊन आल्या. मी कप जिन्याच्या कठड्यावर ठेवायला सांगितलं, आणि सगळे विमानाकडे वळले तेव्हा डाव्या हाताने प्यालो.

पाळणा पोटाखाली बसवला. विमानाचं वजन सरकलं की ते नाक खाली घालतं किंवा शेपूट, म्हणून सरांनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून ते उचललं. बोटांवर विमान तोललं गेलं पाहिजे. कॅमेरा दोन सूत मागे, एक सूत पुढे, असं करत दुपार झाली. मग सरांनी इंजिन चालू केलं. इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास गच्चीभर झाला. सर ओरडून म्हणाले, "मिस्त्री, हात लावा." रावजींचे शब्द. त्यांनी मुद्दाम तेच शब्द वापरले होते, गमतीने. मी विमानाच्या पाठीवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. थरथर आली. बारीक, घाईची, एवढ्याशा इंजिनाची. तिच्यात एक ठेच होती. मी ठेच ऐकत राहिलो, आणि ती विमानाची आहे की माझी, हे मला कळेना. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मशीन तिकडे आणि मी इकडे, मध्ये तळहाताची कातडी, हे कधी विचारात घ्यायची वेळच आली नव्हती. आता ती भिंत पडल्यासारखी वाटली. अंगात इंजिन चालू आहे आणि विमान गप्प पडलंय, असंही असू शकलं असतं. मी डोळे उघडले. "ठीक आहे," मी म्हणालो. खोटं बोललो असं नाही म्हणता येणार, मला ठाऊकच नव्हतं.

पहिली फिल्म वसाहतीपलीकडच्या माळावर काढली, घरं बांधायला दगड रोवून ठेवले होते तिथे. सरांचे दोन्ही अंगठे कांड्यांवर होते, म्हणून पेटीवरचा पाळण्याचा खटका त्यांनी मला हलवायला सांगितला. मी म्हणालो, "तुमचं तुम्हीच करा सर, मला नाय समजत त्यातलं." त्यांनी कसंबसं बोट पोचवून खटका ओढला. दोन दिवसांनी स्टुडिओतून फोटो आले. छत्तीसच्या छत्तीस हललेले. दगड, झुडपं, घरं, सगळ्यांना दोन-दोन कडा. सर म्हणाले, "इंजिनाची थरथर. तुम्ही सगळं फार घट्ट आवळलंय मिस्त्री." ते खरं होतं. टर्बाइनच्या माणसाला एकच ठाऊक, हलतंय ते आवळायचं. पाळणा विमानाला धरणारे चार नट मी असे आवळले होते की इंजिनाचा प्रत्येक ठोका थेट कॅमेऱ्यात जावा.

घरी मालनबाई मशीनवर होती. मी ते फोटो तिच्यापुढे टाकले. तिने एक उचलून लांब धरला. "हे काय, भूकंप झालाय का?" मी थरथरीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं मशीन कसं बसवलंय बघा की. नवसाबाई रोज भांडायला यायच्या, डोक्यावर घरघर होती म्हणून. आता येतात का?" मी वाकून बघितलं. मशीनच्या चारी पायांखाली जुन्या स्लिपरच्या चकत्या कापून ठेवलेल्या होत्या. निळ्या, मऊ, झिजलेल्या. त्या घरात मी राहत होतो, फिटर होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. "माझी दुसरी स्लिपर पण न्या," ती म्हणाली, "एकच पाय राहिला तिचा." मी तिच्या चार चकत्या कापल्या आणि पाळणा आणि विमान यांच्यामध्ये ठेवल्या. नट नुसते टेकवले.

दुसऱ्या फिल्मचे फोटो सरांच्या जेवणाच्या टेबलावर पसरले होते. काही इतके लख्ख आले होते की कुंपणाची तार मोजता यावी. काही तसेच हललेले. सर खूश होते. "वारा असेल मधूनमधून," ते म्हणाले. मी फोटो दोन ढिगांत लावत बसलो. सरळ खाली बघणारे चांगले. मान उचललेले सगळे वाईट. एकही इकडचा तिकडे नाही. कॅमेरा सरळ लोंबतो तेव्हा त्याच्या वजनाने चौकट दोन्ही खिळ्यांवर दबून बसते. उचलला की एका बाजूला जागा मिळते आणि तो तिथे खडखडतो. उजव्या बाजूला. मला विमान उघडायची गरज नव्हती, पण मी उघडलं. खिळा काढला आणि भोक उजेडाकडे धरलं. गोल नव्हतं. बदामाच्या आकाराचं झालं होतं, नवसाबाईंनी हाक मारली त्या क्षणाएवढं.

टेबलापलीकडे सर परवानगीचं पत्र बघून दिवस मोजत होते. चार राहिले होते. मला त्या वेळी फार शांत वाटलं, हे सांगितलं पाहिजे. मनाशी लावलेली पैज हरलो होतो. वारा होता असं सर स्वतःच म्हणत होते, मी मान हलवली असती तरी चाललं असतं. चौकट घरी नेऊन गुपचूप नवी केली असती, आणि नव्यातही तसंच भोक पडलं असतं तर तेही कुणाला कळलं नसतं, चांदवडच्या टेकड्या हलत राहिल्या असत्या एवढंच. मी विमलाबाईंच्या वर्गातला एक दिवस आठवत बसलो, का ते माहीत नाही. शेजारी बुधा बसायचा, कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारा. पन्नाशी ओलांडलेला. पाटीवर काही चुकलं की तो हाताने झाकून बसायचा आणि वर्ग सुटेपर्यंत हात उचलायचा नाही. तीन महिन्यांत तो एकच अक्षर शिकला, मग यायचा बंद झाला. आम्ही त्याला हसायचो. त्याच्या त्या झाकलेल्या पंजाच्या शिरा मला दिसायला लागल्या.

"सर," मी म्हणालो, "वारा नव्हता. उजवं भोक माझ्याकडून वाकडं पडलंय." त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडून?" "हो." मी हात खिशातून काढला आणि फोटोंवर ठेवला. तो टेबलावर एकटा पडला आणि थोड्या वेळाने त्याने आपलं काम सुरू केलं. अंगठा बोटावर, बोट अंगठ्यावर. गच्चीवर ढुंढिराजभटांचा रेडिओ चालू होता. "मला वाटायचं तंबाखू," सर म्हणाले. "सगळ्यांना वाटतं." "कधीपासून?" "दिवाळीच्या आधीपासून." "घरी?" "नाय सांगितलं." सर उठले, आतून पितळी नळीचा एक बोटभर तुकडा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हे बुश म्हणून चालेल का? भोक मोठं करून गोल करायचं आणि हे ठोकून बसवायचं. बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर. वर्कशॉपात न्या." ते म्हणाले, "वर्कशॉपात बैलगाडी होईल. मी फिरवतो, तुम्ही सांगा."

त्यांना ड्रिल धरता येत नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, सगळा जोर खांद्यातून देत होता. "मोट हाकताय का सर?" मी म्हणालो. "टेकवा नुसतं. त्याचं तो खातो." तरी पातं नाचत होतं. शेवटी मी उठून त्यांच्या मागे गेलो आणि माझा हात त्यांच्या हातावर ठेवला, जोर किती ते समजावं म्हणून. त्यांच्या मुठीवर माझं वजन पडलं तसं पातं स्थिरावलं. ॲल्युमिनियमचा चुरा चांदीच्या केसांसारखा वळून बाहेर यायला लागला. मी डोळे मिटले नाहीत. थरथर होती. त्यांच्या घाबरलेल्या बोटांची, ड्रिलच्या दातांची आणि माझी, तिन्ही एकात एक. वेगळी करून बघायचं मी सोडून दिलं. भोक गोल पडलं.

परवानगी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही चांदवडला गेलो, एस.टी.च्या टपावर विमान गोधडीत बांधून. रस्त्याकडेच्या शेतांत बाया कांदा काढत होत्या. एक म्हातारी, भागीबाई नाव तिचं, विळा टाकून बांधावर आली आणि म्हणाली, "हे उडतं व्हय? मंग माणूस कुठं बसतो?" सर म्हणाले, "खालीच उभा राहतो आजी." ती म्हणाली, "मंग काय उपेग." विमान टेकडीवर चढलं आणि ऊन लागून लहान होत गेलं. सरांचे अंगठे कांड्यांवर होते. त्यांनी पेटी थोडी माझ्या बाजूला कलती केली. मी खटक्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू मागे ओढलं. वर कुठेतरी कॅमेऱ्याने मान उचलली असेल. मला दिसलं नाही, पण बोटाला तसं वाटलं. "आता," सर म्हणाले, आणि मी फोटोचं बटण दाबलं. "आता." "आता." बाया काम थांबवून वर बघत होत्या.

ते फोटो चांगले आले. टेकडीचा उतार, ओघळ, पायवाटा, सगळं जागच्या जागी. सरांनी त्यातला एक मला दिला. मी तो मालनबाईला दाखवला, आणि तिने स्लिपरचं नाव काढायच्या आत म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल." तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. मी हात पुढे केला, आतापर्यंत तिच्यापासून लपवलेला, आणि सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "एवढ्या दिवसांनी बोललात." "तुला ठाऊक होतं?" "मी शिवणारीण हाय," ती म्हणाली. "तुमच्या चारी शर्टांची काजं मोठी केली मी दिवाळीला. उसवून, परत शिवून. कळलं का तुम्हाला?"

मला कळलं नव्हतं. रोज सकाळी शर्ट चढवताना मी मनात म्हणायचो, काय वाईट नाही, बटणं तर अजून एका झटक्यात लागतात. मी मान खाली घालून गळ्याजवळचं काज बघितलं. कडेचा दोरा नवा होता, जरा पांढरा. मी बटण काढलं आणि पुन्हा लावलं. तिने चाकावरचा हात काढला आणि म्हणाली, "सकाळी आठला निघू. नंतर गर्दी होती."